पहिला नंबर मारिओचा की जीटीएचा?

वाचकाचं पत्र: "आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आठ जणांचा गेमिंग क्लब आहे. यंदाच्या वार्षिक अंकात आम्हाला दोन पानं मिळाली आहेत आणि त्यात 'आजवरच्या सर्वश्रेष्ठ दहा गेम सिरीज' अशी क्रमवारी द्यायचं ठरलंय. पहिल्याच बैठकीत भांडण झालं. एक जण म्हणतो, खप बघा आणि विषय संपवा, म्हणजे जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) नाहीतर माइनक्राफ्ट पहिला. दुसरा मेटाक्रिटिक या परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या साइटवरचे गुण काढून बसलाय. तिसऱ्याला मारिओशिवाय दुसरं नाव ऐकायचंच नाही. शेवटी मतदान घेतलं, तर कॉल ऑफ ड्यूटी वर आलं, आणि मग लक्षात आलं की आमच्यापैकी एकाचंही ते सगळ्यात आवडतं नाही! वैतागून एक जण ग्रुप सोडून गेला. मजकूर द्यायला तीन आठवडे आहेत. यादी करायची कशी? आणि तुमच्या मते पहिला नंबर कोणाचा?" – क्लबचा संपादक, सांगली

आधी उत्तर देतो, मग रीत सांगतो. पहिला मारिओ, दुसरा झेल्डा, तिसरा टेट्रिस, चौथा पोकेमॉन, पाचवा जीटीए. माइनक्राफ्ट आमच्या यादीत नाही. तो गेम म्हणून अफाट मोठा आहे, पण तुम्ही सिरीजची यादी करताय आणि तुमचं अर्धं भांडण या एका शब्दापाशी अडलंय.

माइनक्राफ्टचा मुख्य गेम एकच. २०११ साली तो पूर्ण रूपात आला आणि आजवर तोच वाढत राहिला. २०२३ साली त्याच्या ३० कोटी प्रती खपल्याचं जाहीर झालं. 'माइनक्राफ्ट डंजन्स' आणि 'माइनक्राफ्ट लेजंड्स' या फांद्या झाल्या, त्यांना दुसरं खोड म्हणता येत नाही. सिरीजची खरी परीक्षा असते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या गेमला. लोकांना जे आवडलं ते राखायचं आणि तरी नवं काही द्यायचं, ही कसरत माइनक्राफ्टला अजून करावीच लागलेली नाही. त्याला चौकटीत वेगळी जागा द्या, यादीत नको.

म्हणून पहिल्या बैठकीत एकाही गेमचं नाव न घेता फक्त प्रवेशाचे नियम लिहा. आम्ही तीन सुचवतो. एक, किमान तीन मुख्य गेम. दोन, पहिल्या आणि शेवटच्या मुख्य गेममध्ये किमान दहा वर्षांचं अंतर. तीन, किमान दोन पिढ्यांच्या यंत्रांवर सिरीज आलेली असावी. टेट्रिसमध्ये 'भाग दोन, भाग तीन' असा हिशेब नाही, तिथे वेगवेगळ्या यंत्रांसाठी मुद्दाम घडवलेल्या आवृत्त्या मोजा. १९८९ चा गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रावरचा टेट्रिस, २०१८ चा टेट्रिस इफेक्ट, २०१९ चा टेट्रिस ९९ हे तीन वेगळे गेम आहेत, त्यामुळे तो सहज बसतो.

यापेक्षा किचकट प्रश्न भाऊबंदकीचा. मारिओ कार्ट मारिओत धरायचं का? असॅसिन्स क्रीडची सुरुवात प्रिन्स ऑफ पर्शियाचा एक उपगेम म्हणून झाली होती, मग ते प्रिन्सच्या खात्यात टाकायचं? डीमन्स सोल्स, डार्क सोल्स आणि एल्डन रिंग एकाच स्टुडिओचे, खेळायची धाटणीही एक, पण नावं तीन. आमचा नियम साधा आहे: कव्हरवर नाव एक असेल तर घर एक. त्यानुसार मारिओ कार्ट मारिओच्या घरात, असॅसिन्स क्रीडचा संसार वेगळा, आणि डार्क सोल्स तीन गेम असूनही बाहेर, कारण पहिला २०११ चा आणि तिसरा २०१६ चा, म्हणजे दहा वर्षं भरत नाहीत. हे शेवटचं आम्हालाही खुपतं. पण आवडत्या सिरीजसाठी नियम वाकवायला लागलात की सातजण आपापली सिरीज घेऊन रांगेत उभे राहतील.

आता खप. तुमच्या मित्राचं म्हणणं चुकीचं नाही, अपुरं आहे. खपाच्या आकड्यात तीन भानगडी असतात. पहिली, बऱ्याच प्रती यंत्राबरोबर फुकट आलेल्या असतात. सुपर मारिओ ब्रदर्सच्या ४ कोटींच्या घरातल्या प्रतींपैकी कित्येक कन्सोलच्या खोक्यातूनच घरी आल्या, गेम बॉयच्या खोक्यात टेट्रिस असायचा, वी कन्सोलबरोबर वी स्पोर्ट्स. ही निवड ग्राहकाची नव्हे, कंपनीची. दुसरी, कंपन्या मोजतात वेगवेगळं: कोणी दुकानदाराला पाठवलेला माल मोजतं, कोणी गिऱ्हाइकाच्या हातात पडलेला, कोणी मोबाइलवरची डाउनलोड्सही धरतं. टेट्रिसचे ५२ कोटी मोबाइल धरून आहेत. तिसरी, एकच गेम पुन्हा पुन्हा विकला जातो. जीटीए ५ आला २०१३ मध्ये, पुढच्या पिढीच्या कन्सोलवर २०१४ मध्ये, पीसीवर २०१५ मध्ये आणि त्याच्याही पुढच्या पिढीवर २०२२ मध्ये. त्याच्या २० कोटींहून जास्त प्रती खपल्या. सगळ्या जीटीए सिरीजचा खप ४० कोटींवर आहे, त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा या एकट्याचा. आणि मारिओच्या घरात अलीकडचा सर्वाधिक खपाचा गेम आहे मारिओ कार्ट ८ डिलक्स, ६ कोटींच्या वर. उड्या मारणाऱ्या मारिओला गाडी चालवणाऱ्या मारिओनं मागे टाकलंय.

आपल्याकडे तर खप हे माप आणखीच लंगडं. नव्वदच्या दशकात मिरज-सांगलीपासून मुंबईपर्यंत ज्या पिवळ्या कॅसेटवर मारिओ, काँट्रा आणि टँक खेळले गेले, त्यातल्या बहुतेक कॅसेट मारिओ बनवणाऱ्या निन्टेंडो कंपनीच्या नव्हत्याच. '९९९९ इन १' असं छापलेल्या कॅसेटमध्ये तेच पाच-सहा गेम नावं बदलून यायचे. तीच गत सायबर कॅफेतल्या जीटीए व्हाइस सिटीची आणि काउंटर-स्ट्राइक १.६ ची. इतकी माणसं खेळली आणि कंपनीच्या खात्यात त्यांची नोंद शून्य. म्हणून खपाचे थेट गुण देऊ नका, पायऱ्या करा. ४० कोटींच्या वर २० गुण, २० ते ४० कोटी १६, १० ते २० कोटी १२, ५ ते १० कोटी ८, त्याखाली ४. पायऱ्या केल्या की 'माझ्या वेबसाइटवर ४१, तुझ्या वेबसाइटवर ४३' हा वाद बहुतेक ठिकाणी आपोआप मिटतो.

मेटाक्रिटिकवाल्यालाही सांगा की त्याच्या हातातलं हत्यार चांगलं आहे, धरायची पद्धत चुकतेय. झेल्डा सिरीजच्या ओकॅरिना ऑफ टाइमला ९९ गुण आहेत, पण ते वीसेक परीक्षणांवरून. त्याच सिरीजच्या ब्रेथ ऑफ द वाइल्डचे ९७ शंभरावर परीक्षणांवरून. ही साइट २००१ ची, त्याआधीच्या गेमची परीक्षणं तिथे तुटपुंजी, आणि ऐंशीच्या दशकातल्या मूळ गेमची जवळपास नाहीतच. शिवाय सगळ्यात वरचा गुण धरला तर गंमत होते. टोनी हॉक्स प्रो स्केटर २ ला ९८ आहेत, म्हणजे ती सिरीज थेट तुमच्या यादीच्या डोक्यावर. त्याच सिरीजचा पाचवा भाग २०१५ मध्ये आला आणि तिशीत अडकला. सिरीजचं मोल शिखरावरून कळत नाही, मधल्या गेमवरून कळतं. सिरीजचे फक्त मुख्य गेम घ्या, गुणांप्रमाणे उतरत्या क्रमानं लावा आणि बरोबर मधला उचला. सरासरी काढू नका, एक वाईट भाग सगळ्यांना खाली ओढतो. मधला ९० किंवा वर असेल तर १५ गुण, ८५ ते ८९ ला १२, ८० ते ८४ ला ९, ७५ ते ७९ ला ६, त्याखाली ३.

दर्जाचे एकूण गुण ३०. त्यातले हे १५, उरलेले १५ तुमच्या मतदानाचे. आणि मतदानातच तुमचा घोटाळा झाला.

तुम्ही प्रत्येकाला दहा नावं क्रमानं लिहायला लावली असणार आणि गुणांची बेरीज केली असणार. त्यात असं होतं: समजा तिघांनी एज ऑफ एम्पायर्सला दहापैकी १० दिले, बाकी पाच जण ते खेळलेलेच नाहीत. बेरीज ३०. कॉल ऑफ ड्यूटी आठही जण खेळलेत आणि प्रत्येकानं ४ दिले. बेरीज ३२. कॉल ऑफ ड्यूटी जिंकलं, आणि कोणालाच आनंद नाही. बरं, नुसती खेळलेल्यांची सरासरी काढली तर उलटं संकट: एकट्यानं खेळलेला कुठलातरी अनोळखी गेम १० पैकी १० घेऊन पहिला येतो.

यावर उपाय आहे. खेळलेल्यांचीच मतं घ्या, आणि प्रत्येक सिरीजच्या खात्यात ५ गुणांची दोन तटस्थ मतं आधीच टाकून ठेवा. एज ऑफ एम्पायर्स: ३० अधिक १०, भागिले पाच, म्हणजे ८. एकट्याचा लाडका गेम: १० अधिक १०, भागिले तीन, म्हणजे ६.६७. कॉल ऑफ ड्यूटी: ३२ अधिक १०, भागिले दहा, म्हणजे ४.२. आकडे आता तुमच्या मनासारखे बोलतायत. निघालेल्या आकड्याला दीडनं गुणा, झाले १५ पैकी गुण. ज्या सिरीजच्या मुख्य गेमना पुरेशी परीक्षणंच नाहीत, उदाहरणार्थ टेट्रिस, तिथे दीडऐवजी तीननं गुणा.

'खेळलो' म्हणजे काय, हेही ठरवा. त्या सिरीजचे किमान दोन वेगवेगळे गेम, प्रत्येकी किमान दोन तास. यूट्यूबवर पाहिलेलं धरायचं नाही. मतं चिठ्ठीवर, गुप्त. एखाद्या सिरीजला पाच किंवा जास्त मतं असतील तर सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं मत काढून टाका. आपली सिरीज वर यावी म्हणून समोरच्याच्या सिरीजला शून्य देणारा एक तरी निघतोच, त्याचा शून्य असा गळतो.

आता राहिले ५० गुण, आणि क्रमवारीचा जीव यांच्यातच आहे. ३० गुण प्रभावाचे, २० पुनर्जन्माचे.

प्रभाव मोजायला एक शिस्त पाळा: नुसतं 'खूप प्रभाव पडला' असं कोणी म्हणायचं नाही. वाक्य पूर्ण लिहायचं, त्यात दुसऱ्या गेमचं नाव हवं. 'रेझिडेंट ईव्हिल ४ नं २००५ मध्ये कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आणला आणि तो पुढे गिअर्स ऑफ वॉर आणि डेड स्पेसनं उचलला.' हे एक वाक्य, ६ गुण. जास्तीत जास्त पाच वाक्यं. ज्याला वाक्य सुचत नाही त्याला गुण नाहीत. या एका नियमानं निम्मे वाद गप्प होतात, कारण आवडीला वाक्य सुचत नाही, प्रभावाला सुचतं.

पुनर्जन्म म्हणजे जग बदललं तेव्हा सिरीज तगली का. यातली सगळ्यात कठीण नदी १९९५ ते ९९ च्या दरम्यानची, द्विमितीतून त्रिमितीत जाण्याची. मारिओ १९९६ मध्ये पार झाला, झेल्डा १९९८ मध्ये. सॉनिक धडपडला, आणि प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी १९९९ मध्ये चुकांनी भरलेला निघून बुडाला. दुसरी परीक्षा सपशेल आपटल्यावरची, आणि तिथे फायनल फँटसी १४ सारखं उदाहरण नाही. सप्टेंबर २०१० मध्ये हा ऑनलाइन गेम आला आणि लोकांनी तो अक्षरशः टाकून दिला. दोष कुठे होता ते एका कुंडीवरून कळतं: सजावटीच्या एका साध्या कुंडीला खेळाडूच्या आख्ख्या पात्राइतके बहुकोन (चित्र ज्यांनी बनतं ते छोटे तुकडे) वापरले होते. चित्र सुंदर, पण चार माणसं जमली की गेम रांगायचा. नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रं आली. त्यांनी जुना गेम चालू ठेवत नवा पायापासून बांधायला घेतला. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुने सर्व्हर बंद केले तेही कथेतच: आकाशातून लाल चंद्र कोसळतो आणि ते जग संपतं. ऑगस्ट २०१३ मध्ये तोच गेम 'अ रिअल्म रिबॉर्न' म्हणून उभा राहिला आणि आजही चालतोय. पुनर्जन्माचे २० पैकी २० आम्ही फक्त फायनल फँटसीला दिले.

या मापांनी आमचे आकडे असे आले. मारिओ: व्याप्ती (म्हणजे खपाच्या पायऱ्यांचे गुण) २०, दर्जा २७, प्रभाव ३०, पुनर्जन्म १९, एकूण ९६. झेल्डा: १२, २९, ३०, १९, म्हणजे ९०. टेट्रिस: २०, २५, २४, १७, म्हणजे ८६. पोकेमॉन: २०, २२, २४, १८, म्हणजे ८४. जीटीए: २०, २६, २४, ११, म्हणजे ८१. तुमचे आकडे वेगळे येतील, यायलाच हवेत.

मारिओच का, हे समजून घ्यायचं तर १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सची पहिली वीस सेकंदं डोळे उघडे ठेवून पुन्हा खेळा. मारिओ पडद्याच्या डाव्या कडेला उभा, उजवीकडे मोकळी जागा. कुठे जायचं हे कोणी सांगत नाही, तरी हात उजवीकडेच जातो. समोरून गूम्बा नावाचा तपकिरी शत्रू येतो. उडी मारली नाही तर मरता, आणि सुरुवातच असल्यानं नुकसान काहीच नाही, धडा मात्र मिळाला. वर लुकलुकणारा प्रश्नचिन्हाचा चौकोन. त्याला डोकं लागतं, नाणं उडतं. दुसऱ्या चौकोनातून अळंबी निघते, उजवीकडे घरंगळते, हिरव्या पाइपला आपटते आणि उलटी तुमच्याच अंगावर येते. नवखा माणूस घाबरून उडी मारतो, पण डोक्यावर विटा असतात, तो आपटून खाली येतो आणि अळंबी त्याला लागतेच. मारिओ मोठा होतो. एका अक्षराची सूचना न देता चालणं, उडी, शत्रू, बक्षीस आणि ताकद शिकवून झाली. शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे बसवलं अवघ्या ४० किलोबाइटमध्ये. तुमच्या ग्रुपवरचा एक साधा फोटो याहून जड असतो. जागा वाचवायला ढग आणि झुडपं एकाच आकाराची आहेत, फक्त रंग वेगळा.

अकरा वर्षांनी सुपर मारिओ ६४ नं हेच काम त्रिमितीत केलं: काठी थोडी ढकलली की मारिओ चालतो, पूर्ण ढकलली की पळतो. खेळाडूला 'कॅमेरा' ही कल्पनाच नवी असल्यानं ढगावर बसून कॅमेरा धरणारं एक पात्रच गेममध्ये ठेवलं. सिरीजमध्ये उणं नाही असं नाही. अमेरिकेत विकला गेलेला सुपर मारिओ ब्रदर्स २ मुळात दुसराच एक जपानी गेम होता, पात्रांची तोंडं बदललेला. २००६ नंतरचे 'न्यू' नावाचे गेम एकमेकांची नक्कल वाटतात. म्हणून दर्जात तीन गुण कापले. पण गॅलक्सी २००७ चा, ओडिसी २०१७ चा, वंडर २०२३ चा. जवळजवळ चाळीस वर्षं दर पिढीला नव्यानं उडी शिकवणारी दुसरी सिरीज नाही.

झेल्डा दर्जात मारिओच्याही पुढे आहे. ओकॅरिनात शत्रूवर नजर रोखून धरायचं बटण आलं आणि त्रिमितीतली तलवारबाजी जमायला लागली. आजच्या डार्क सोल्समध्ये तुम्ही तेच बटण दाबता. खप कमी म्हणून तो दुसरा, एरवी पहिल्या जागेसाठी कोणी झेल्डा म्हणालं तर आम्ही वाद घालणार नाही. एक सावधगिरी: १९९३ मध्ये फिलिप्सच्या सीडी-आय यंत्रावर झेल्डाच्या नावानं आलेले गेम निन्टेंडोनं बनवलेले नाहीत, ते दर्जाच्या हिशेबात धरू नका.

टेट्रिस तिसरा म्हटल्यावर क्लबात कपाळाला आठ्या पडतील. अलेक्सी पाजितनोव्ह यांनी तो १९८४ मध्ये मॉस्कोत लिहिला, त्या यंत्राला चित्र काढता येत नव्हतं म्हणून ठोकळे कंसांनी बनवले. सात आकार, दहा रकाने, वीस ओळी. हक्काचे पैसे त्यांना मिळायला १९९६ उजाडलं. आपल्याकडे जत्रेत आणि स्टेशनाबाहेर मिळणारा 'ब्रिक गेम' म्हणजे हाच, आणि महाराष्ट्रात ज्या आईवडिलांनी दुसरा कुठलाही व्हिडिओ गेम हातात धरला नाही त्यांतल्या कित्येकांनी हा खेळलाय. डिसेंबर २०२३ मध्ये तेरा वर्षांचा एक अमेरिकन मुलगा १९८९ च्या निन्टेंडो आवृत्तीत १५७ व्या पातळीपर्यंत गेला आणि गेमच गोठला. चौतीस वर्षांनी माणसानं यंत्राला हरवलं. नियम न बदलता इतकं टिकणं हाही पुनर्जन्मच.

पोकेमॉनच्या बाबतीत कार्टून, पत्ते, खेळणी सगळं बाजूला ठेवा, फक्त गेम मोजा. तेवढ्यानंही ४८ कोटींच्या वर भरतात. १९९६ मध्ये सातोशी ताजिरी यांनी दोन रंगांचे दोन गेम काढले, प्रत्येकात काही पोकेमॉन मुद्दाम नाहीत. १५० पूर्ण करायचे तर मित्र हवा आणि दोन गेम बॉय जोडणारी वायर हवी. दोस्ती हा गेमचा भाग करणारी ही कल्पना फार मोठी आहे. दर्जाचे गुण मात्र अलीकडच्या गेमनी घालवले: २०२२ चे स्कार्लेट आणि व्हायोलेट तीन दिवसांत १ कोटी खपले आणि तेव्हाच अडखळत, चित्र फाटत चालत होते. खपवाल्या मित्राला हे उदाहरण जरूर दाखवा.

जीटीए पाचव्यावर का, तर पुनर्जन्मामुळे. २००१ मध्ये वरून दिसणाऱ्या गेमचं तिसऱ्या भागात जिवंत शहर झालं, ती झेप थोर. पण २०१३ नंतर दहा वर्षं उलटून गेली तरी नवा मुख्य गेम आला नाही.

पुढचे पाच भरभर: फायनल फँटसी, स्ट्रीट फायटर, रेझिडेंट ईव्हिल, डूम, सिव्हिलायझेशन. स्ट्रीट फायटर २ मधला 'काँबो' (एकापाठोपाठ जोडलेले फटके) मुळात ठरवलेला नव्हता, चाचणीत सापडला आणि राहू दिला, आज त्याच्याशिवाय फायटिंग गेम होत नाही. रेझिडेंट ईव्हिल सहाव्या भागात भरकटली आणि २०१७ मध्ये सातव्यात पुन्हा भीतीकडे परतली. डूमनं १९९३ मध्ये पहिला भाग फुकट वाटला आणि नकाशे बदलायची किल्ली खेळाडूंच्या हाती दिली. फिफा आणि कॉल ऑफ ड्यूटी आमच्या दहात नाहीत, कारण दरवर्षी येणाऱ्या सिरीजचा मधला गेम काढला की तो आधीच्या वर्षीसारखाच निघतो.

सिव्हिलायझेशनवर लिहाल तेव्हा एक खड्डा टाळा. पहिल्या गेममध्ये गांधीजी अणुबाँब टाकायचे कारण त्यांची आक्रमकता शून्याखाली जाऊन २५५ व्हायची, ही गोष्ट सगळीकडे छापलेली आहे. गेमचे निर्माते सिड मायर यांनी स्वतः ती खोटी असल्याचं सांगितलंय. पाचव्या भागात मात्र गांधीजींचा अण्वस्त्रांकडे कल मुद्दाम वाढवला होता, तो गंमत म्हणून. गेमच्या दुनियेत अशा दंतकथा पुष्कळ आहेत. नियम करा: जी गोष्ट बनवणाऱ्याच्या तोंडून आलेली नाही ती छापायची नाही.

आपल्याकडच्या आवडीसाठी खाली वेगळी चौकट ठेवा, क्रमांक न देता. प्रिन्स ऑफ पर्शिया त्यात पहिला: जॉर्डन मेकनर यांनी भावाला पळताना, उडी मारताना चित्रित करून १९८९ मध्ये ती चाल उतरवली. आपल्या शाळांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एका तासाच्या मुदतीत राजकन्येपर्यंत पोचायचा तोच गेम. त्याच सिरीजच्या 'सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती २०२० मध्ये जाहीर झाली तेव्हा काम पुणे आणि मुंबईच्या युबिसॉफ्ट स्टुडिओंकडे होतं, २०२२ मध्ये ते माँट्रियलला गेलं. नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा 'मुस्तफा' घ्या: मूळ नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा १९९३ चा, आपल्याकडे एका पात्राच्याच नावानं ओळखला गेला. सिरीज कधी झाली नाही, म्हणून यादीत नाही, चौकटीत हवाच. आणि ईए क्रिकेट ०७, ज्याचे संघ कंपनीनं सोडून दिल्यावर चाहते वर्षानुवर्षं बदलत राहिले.

वेळेचं गणित असं बसवा. पहिला आठवडा नियम आणि पंचवीस नावांची कच्ची यादी. दुसरा आठवडा खेळण्याचा: ज्यांची मतं तीनपेक्षा कमी, त्या सिरीज एकमेकांच्या घरी जाऊन खेळा. तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला चिठ्ठ्या, त्याच दिवशी बेरीज. दोन सिरीजमध्ये दोनपेक्षा कमी गुणांचा फरक आला तर संयुक्त क्रमांक द्या, अर्ध्या गुणासाठी मैत्री पणाला लावू नका. पानावर वरच्या कोपऱ्यात चार मापं आणि त्यांचे गुण छापा, शेवटी कुठल्या तारखेपर्यंतचे गेम धरले ते लिहा. प्रत्येक सिरीजला साठ शब्द पुरतात. गेमची छायाचित्रं नेटवरून उचलू नका, कॉलेजात चित्रं काढणारं कोणीतरी असेलच, त्याच्याकडून रेखाटनं करून घ्या. आणि नावांचं लेखन एकसारखं ठेवा, एका पानावर 'निन्टेंडो' आणि दुसऱ्यावर 'निन्तेंदो' नको.

जो ग्रुप सोडून गेला त्याला मेसेज करू नका, फोन करा. त्याला आकडे तपासायचं काम द्या: प्रत्येक खपाचा आकडा, प्रत्येक साल, प्रत्येक प्रभावाचं वाक्य त्याच्या सहीशिवाय छपाईला जाणार नाही असं सांगा. जो चिडून उठून गेला त्याला या यादीची तुमच्याइतकीच पर्वा आहे, आणि तपासायला असाच माणूस लागतो.